शिक्षांची बेरीज कोणी आणि कशी करायची?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात जिल्ह्यातील न्यायालयांच्या निकालांच्या बातम्या नियमाने येतात आणि मी त्या आवर्जून वाचतो, कारण माझी सारी नोकरी न्यायालयाच्या फौजदारी विभागात गेली. अमुक कलमाखाली सात वर्षे सक्तमजुरी, तमुक कलमाखाली तीन वर्षे, आणखी एका कलमाखाली एक वर्ष, दंड न भरल्यास जादा सहा महिने, असा तपशील या बातम्यांत असतो. मात्र या शिक्षा आरोपीने एकत्रित, म्हणजे सगळ्या एकाच वेळी चालू धरून, भोगायच्या आहेत की एकापाठोपाठ एक, हे सांगणारे वाक्य पुष्कळदा बातमीतून गळलेले असते. वरच्या उदाहरणात, दंड भरला असे धरून, शिक्षा एकत्रित असतील तर माणूस सात वर्षांनी घरी येतो आणि एकापाठोपाठ असतील तर अकरा वर्षांनी, म्हणजे चार वर्षांचा फरक त्या एका वाक्यात असतो. वाचक कधी सगळ्या आकड्यांची बेरीज करून समाधान मानतो, तर कधी सर्वांत मोठा आकडा पाहून एवढीच का म्हणून संतापतो, आणि दोन्ही वेळा त्याच्या हाती अर्धीच माहिती असते.

हा घोटाळा फक्त तालुक्याच्या बातम्यांत होतो असेही नाही. २८ ऑगस्ट २०१७ रोजी डेरा सच्चा सौदाचे प्रमुख गुरमीत राम रहीम यांना सीबीआयच्या विशेष न्यायालयाने दोन बलात्कारांच्या प्रकरणांत शिक्षा सुनावली, तेव्हा देशभरातील वाहिन्यांनी आधी दहा वर्षांची बातमी दिली आणि काही वेळाने ती दुरुस्त करून वीस वर्षे झाल्याचे सांगितले. न्यायालयाने दोन्ही प्रकरणांत प्रत्येकी दहा वर्षे दिली होती आणि त्या शिक्षा एकापाठोपाठ एक भोगायच्या होत्या. दोन स्त्रिया, दोन स्वतंत्र अपराध आणि दोन स्वतंत्र शिक्षा, असा त्या आदेशाचा सरळ अर्थ होता. पुढे २४ मार्च २०१८ रोजी रांची येथील न्यायालयाने चारा घोटाळ्यातील दुमका कोषागाराच्या खटल्यात लालूप्रसाद यादव यांना भारतीय दंड संहितेखाली सात आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली सात अशी वर्षे सुनावून त्याही एकापाठोपाठ भोगण्यास सांगितल्या, तेव्हा शिक्षा सात वर्षांची की चौदा वर्षांची याचा उलगडा होईपर्यंत पुन्हा तीच चर्चा झाली.

या विषयावर आताच लिहिण्याचे कारण असे की १ जुलै २०२४ पासून कायदा बदलला आहे आणि या बदलाची म्हणावी तशी चर्चा मराठी वृत्तपत्रांतून झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१ प्रमाणे एकाच खटल्यात एकाहून अधिक गुन्हे शाबीत झाले तर शिक्षा एकीमागून एक चालत, मात्र न्यायालयाने तसा आदेश दिला तर त्या एकत्रित चालत. म्हणजे न्यायालय गप्प राहिले तर बेरीज होत असे. प्रत्यक्षात बहुतेक न्यायाधीश सवयीने आदेशाच्या शेवटी 'वरील सर्व शिक्षा एकत्रित भोगाव्यात' असे लिहीत आणि त्याचे कारण क्वचितच देत. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५ ने ही गप्प राहण्याची सोय काढून घेतली आहे. आता न्यायालयाने गुन्ह्यांचे गांभीर्य विचारात घेऊन शिक्षा एकत्रित की एकापाठोपाठ याचा आदेश द्यायचाच आहे. त्याच कलमात, एका खटल्यातील एकापाठोपाठच्या शिक्षांची कमाल मर्यादा चौदा वर्षांवरून वीस वर्षे करण्यात आली आहे. सहा वर्षांची ही वाढ लहान नाही, आणि तिच्यावर जेवढा खल व्हायला हवा होता तेवढा झालेला नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. एका कृत्यातून अनेक कलमे लागली तर शिक्षा एकत्रितच चालल्या पाहिजेत. वेगवेगळ्या माणसांवर, वेगवेगळ्या वेळी केलेले गुन्हे असतील तर त्या वेगळ्या चालायला हरकत नाही, पण एकूण बेरीज किती होते हे शेवटी कोणीतरी डोळ्यांखालून घातले पाहिजे आणि तिचे कारण लिहिले पाहिजे. आज एका खटल्यापुरते हे बंधन आले आहे. ज्या माणसाचे गुन्हे अनेक खटल्यांत विखुरलेले आहेत त्याच्या बाबतीत मात्र ते आलेले नाही, आणि असा माणूस बहुधा गरीब असतो.

पहिल्या भागासाठी नवा सिद्धान्त शोधण्याची गरज नाही. १८६० च्या दंड संहितेतील कलम ७१, जे आता भारतीय न्याय संहितेत कलम ९ म्हणून जसेच्या तसे आले आहे, त्याखाली एक उदाहरण दिलेले आहे. 'अ' ने 'ज्ञ' ला काठीचे पन्नास फटके मारले. प्रत्येक फटका हा स्वतंत्र गुन्हा मानला तर फटक्याला एक वर्ष या हिशेबाने 'अ' ला पन्नास वर्षे तुरुंगात घालवावी लागतील. कायदा सांगतो की संपूर्ण मारहाणीबद्दल त्याला एकच शिक्षा होईल. पण ही मारहाण चालू असताना तिसरा माणूस मध्ये पडला आणि 'अ' ने हेतुपुरस्सर त्यालाही एक फटका दिला, तर तो फटका पहिल्या मारहाणीचा भाग होत नाही. त्याची शिक्षा वेगळी. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहिलेल्या या चार ओळींत या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आलेले आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. फटके मोजायचे नाहीत, पण माणसे मोजायची.

सर्वोच्च न्यायालयानेही साधारण याच वाटेने नियम बांधला. अहमदाबादच्या सीमाशुल्क विभागाने चालवलेल्या, सोन्याच्या तस्करीच्या एका प्रकरणात १९८८ मध्ये न्यायालयाने म्हटले की एकाच व्यवहारातून दोन कायद्यांखाली दोन गुन्हे होत असतील तर सर्वसाधारणपणे एकापाठोपाठ शिक्षा देणे योग्य नाही, मात्र व्यवहार वेगळे आणि वस्तुस्थितीही वेगळी असेल तर हा नियम लागू होत नाही. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम ४२ मध्येही हाच विचार दिसतो: एकच कृत्य पोक्सो आणि दंड संहिता या दोन्हींखाली गुन्हा ठरत असेल तर ज्या कायद्यात अधिक शिक्षा आहे त्याच कायद्याखाली ती द्यायची.

यावर एक शंका नेहमी विचारली जाते की शिक्षा एकत्रितच भोगायच्या तर प्रत्येक कलमाखाली वेगळी शिक्षा लिहायचीच कशाला. त्याला व्यावहारिक कारण आहे. अपिलात एक दोषसिद्धी रद्द झाली तर दुसरी शिक्षा शिल्लक राहते आणि माणूस केवळ तांत्रिक कारणाने सुटत नाही. शिवाय कोणत्या गुन्ह्याला न्यायालयाने किती वजन दिले हे वरच्या न्यायालयाला दिसते. तेव्हा एकत्रित शिक्षा म्हणजे धाकट्या गुन्ह्याची माफी, ही समजूत बरोबर नाही.

आजन्म कारावासाबाबत मात्र महाराष्ट्राला या प्रश्नाची फार जुनी ओळख आहे. नाशिकच्या कटाच्या खटल्यात डिसेंबर १९१० मध्ये विनायक दामोदर सावरकरांना जन्मठेप झाली आणि नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खुनाला साहाय्य केल्याबद्दल जानेवारी १९११ मध्ये दुसरी. त्या काळी जन्मठेप काळ्या पाण्याची पंचवीस वर्षे धरली जात असे, आणि या दोन शिक्षा एकीमागून एक भोगायच्या असल्याने बेरीज पन्नास वर्षांची झाली. अंदमानात त्यांच्या गळ्यातील बिल्ल्यावर सुटकेचे साल १९६० होते. त्या राजवटीचा हेतू काय होता ते सांगायला नको, पण कायद्याच्या अंगाने पाहिले तर जन्म या शब्दाला पंचवीस वर्षांचा भाव लावला की जन्मावर जन्म रचता येतो, हे त्यातून उघड झाले. स्वातंत्र्यानंतर, १९६१ मध्ये, गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की जन्मठेप म्हणजे कैद्याच्या नैसर्गिक आयुष्याच्या अखेरपर्यंतची शिक्षा. चौदा किंवा वीस वर्षे झाली म्हणून तो आपोआप सुटत नाही, त्यासाठी शासनाची माफी लागते. तेथून पुढचे तर्कशुद्ध पाऊल पडायला २०१६ साल उजाडले. त्या वर्षी तमिळनाडूतील एका खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निर्णय दिला की अनेक खुनांसाठी अनेक जन्मठेपा देता येतील, पण त्या एकीमागून एक चालू शकत नाहीत, कारण माणसाला आयुष्य एकच असते. ठरावीक मुदतीची शिक्षा आधी भोगायला लावून नंतर जन्मठेप सुरू करता येईल, पण जन्मठेपेनंतर मुदतीची शिक्षा सुरू करता येणार नाही. मला हा निर्णय त्याच्या साधेपणामुळे फार मोलाचा वाटतो.

आता मूळ दुखण्याकडे येतो.

एका खटल्याऐवजी अनेक खटले असतील तर जुने कलम ४२७ आणि आता नव्या संहितेचे कलम ४६७ लागू होते. एक शिक्षा भोगत असलेल्या माणसाला दुसऱ्या खटल्यात शिक्षा झाली तर ती पहिली संपल्यावर सुरू होते, न्यायालयाने वेगळा आदेश दिला नाही तर. अपवाद फक्त जन्मठेप भोगणाऱ्याचा. त्याची नंतरची शिक्षा आपोआप एकत्रित चालते. म्हणजे एका खटल्याच्या बाबतीत संसदेने जी गप्प राहण्याची सोय बंद केली, ती अनेक खटल्यांच्या बाबतीत तशीच ठेवली. वीस वर्षांची, किंवा त्या न्यायालयाला एका गुन्ह्यासाठी जेवढी शिक्षा देता येते तिच्या दुपटीची, जी कमाल मर्यादा एका खटल्याला आहे, तीही येथे नाही.

याचा परिणाम काय होतो ते आकड्यांत पाहावे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला एका गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद देता येते. तेव्हा एका खटल्यात कितीही चोऱ्या शाबीत झाल्या तरी तो एकूण सहा वर्षांच्या पलीकडे जाऊ शकत नाही. एका वर्षाच्या आत केलेले एकाच प्रकारचे गुन्हे एकत्र चालवण्याची मुभा पूर्वी तीन गुन्ह्यांपुरती होती, नव्या संहितेच्या कलम २४२ ने ती पाच केली आहे. पण ती मुभाच आहे, सक्ती नाही. मोटारसायकली चोरणारा पोरगा पाच गावांतून पाच गाड्या उचलतो, गुन्हे पाच पोलीस ठाण्यांत दाखल होतात, दोषारोपपत्रे तीन तालुक्यांच्या न्यायालयांत जातात. सगळे एकत्र चालले असते तर त्याला जास्तीत जास्त सहा वर्षे झाली असती. वेगवेगळे चालले आणि प्रत्येक ठिकाणी दोन-दोन वर्षे लागली तर दहा होतात. गुन्हे तेच, गाड्या त्याच, माणूस तोच. मधली चार वर्षे कागद कोणत्या टेबलावर गेले त्यावर ठरतात.

हे काल्पनिक गणित वाटू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले एक प्रकरण सांगतो. उत्तर प्रदेशातील हापूड येथे एका माणसावर विजेच्या साहित्याच्या चोरीचे नऊ खटले होते. त्याने तडजोडीने गुन्हे कबूल केले आणि प्रत्येक खटल्यात त्याला दोन वर्षे शिक्षा झाली. त्या शिक्षा एकत्रित भोगायच्या असे कोणी लिहिले नाही, म्हणून तुरुंगाने बेरीज करून अठरा वर्षे धरली. उच्च न्यायालयाने दाद दिली नाही. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती नरसिंह यांच्या खंडपीठाने सर्व शिक्षा एकत्रित चालतील असा आदेश दिला आणि नागरिकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तेथे कोणतेही प्रकरण सर्वोच्च न्यायालयासाठी लहान नसते, अशा आशयाचे उद्गार काढले. सदोष मनुष्यवधाच्या ज्या प्रकारात मृत्यू घडवण्याचा हेतू नसतो, केवळ परिणामाची जाणीव असते, त्याला कायद्यात कमाल दहा वर्षे आहेत. विजेच्या साहित्याची चोरी करणाऱ्याला अठरा वर्षे आत ठेवायची, असे संसदेने कधीही म्हटलेले नव्हते. ती अठरा वर्षे कोणत्याही न्यायाधीशाने विचार करून दिलेली नव्हती, ती नऊ वेगवेगळ्या कागदांवर मौन राहिल्यामुळे साचली.

हे मौन कसे साचते ते मी जवळून पाहिले आहे. निकालाच्या दिवशी संध्याकाळी पोलीस गार्डला कैदी परत न्यायची घाई असते. कारकून निकालपत्राच्या शेवटच्या पानावरचा आदेश समोर ठेवून शिक्षेचे वॉरंट तयार करतो. त्यात कलम, शिक्षेची मुदत, दंड, दंड न भरल्यास किती दिवस, अटकेत काढलेल्या दिवसांची वजावट, हे सारे उतरते. आदेशात जे नाही ते वॉरंटात येत नाही. वॉरंट तुरुंगाच्या न्यायविभागात गेले की तेथील लिपिक सुटकेची तारीख काढतो. तो आपल्या मनाने काहीही वजा करू शकत नाही, आणि करूही नये. एका तालुक्याचे वॉरंट एका महिन्यात येते, दुसऱ्याचे दुसऱ्या महिन्यात, आणि प्रत्येक वेळी सुटकेची तारीख पुढे ढकलली जाते. अशाच एका मुलाची आई निकालाच्या नकलेसाठी आमच्या खिडकीवर आली होती. तिच्या हातातील कागदांवर प्रत्येक ठिकाणी थोड्याच मुदतीची शिक्षा होती आणि तिचा समज असा की सगळ्या मिळून तेवढ्याच मुदतीच्या आहेत. मुलानेही त्याच समजुतीने एकामागून एक न्यायालयांत गुन्हा कबूल केला होता, कारण तारखांना ने-आण होण्यापेक्षा एकदाचे निकालात निघावे असे त्याला वाटले होते. कबुली घेताना न्यायाधीशांनी त्याला परिणाम समजावून सांगितले होते, पण ते त्या एका खटल्यापुरते. उरलेल्या खटल्यांची बेरीज कोणाच्याच पुढे नव्हती.

एकदा निकालावर सही झाली की लेखनातील किंवा हिशेबातील चूक सोडून दंडाधिकाऱ्याला आपल्या आदेशाला हात लावता येत नाही. राहून गेलेल्या एका ओळीसाठी मग अपील करावे लागते किंवा उच्च न्यायालयात जावे लागते. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्याने आमच्या भागातील माणसाचा मुंबईचा हेलपाटा वाचला, ही समाधानाची गोष्ट आहे. पण ज्याच्याकडे जामिनाला माणूस नव्हता त्याला कोल्हापूरही लांबच असते.

ही ओळ राहून गेली तर तिचा तोटा आरोपीने सोसायचा, हे वरच्या न्यायालयांनाही खटकलेले आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या उत्तर प्रदेशातीलच एका खटल्यात सत्र न्यायालयाने पाच, सात आणि दहा वर्षांच्या शिक्षा सुनावल्या होत्या आणि त्या कशा भोगायच्या ते लिहिलेच नव्हते. बेरीज बावीस वर्षांची होत होती. सर्वोच्च न्यायालयाने ती तेव्हाच्या कायद्याप्रमाणे चौदा वर्षांवर आणली आणि असे मौन सर्व संबंधितांना त्रासाचे ठरते, म्हणून शिक्षा एकत्रित की एकापाठोपाठ आणि एकापाठोपाठ असतील तर कोणत्या क्रमाने, हे स्पष्ट लिहिण्याची जबाबदारी न्यायालयाची आहे, असे बजावले. तरीही तो खटला एकच होता म्हणून चौदा वर्षांची मर्यादा मदतीला आली. हापूडच्या माणसाच्या मदतीला कोणतीच मर्यादा नव्हती.

येथे दुसरी बाजू टाळून चालणार नाही. ज्याच्या घरी चोरी झाली, ज्याची आयुष्याची पुंजी एखाद्या पतसंस्थेत बुडाली, ज्या मुलीवर अत्याचार झाला, त्या प्रत्येकाला आपला गुन्हा दुसऱ्याच्या गुन्ह्याच्या शिक्षेत फुकट गेला असे वाटले तर ते चुकीचे कसे म्हणायचे? पाच घरे फोडणाऱ्याला आणि एक घर फोडणाऱ्याला एकच शिक्षा मिळू लागली तर पुढची चार घरे कायद्याच्या लेखी मोफत होतात. दोन स्त्रियांवरील अत्याचारासाठी दहा आणि दहा मिळून वीस वर्षे देणाऱ्या न्यायाधीशांनी दुसरी स्त्री मोजली, आणि ते मला पूर्णपणे योग्य वाटते. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमली पदार्थांच्या व्यापारात अमृतसरच्या न्यायालयाने बारा आणि दिल्लीच्या न्यायालयाने पंधरा वर्षे दिलेल्या एकाच आरोपीच्या शिक्षा एकत्रित करण्यास नकार दिला. दोन वेगळे साठे, दोन वेगळे व्यवहार, आणि एकदा पकडला गेल्यावरही न थांबलेला धंदा. तेथे सवलत कशासाठी द्यायची? महाराष्ट्रातल्या एका हुंडाबळीच्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली, पण गरोदर सुनेच्या देहाची विल्हेवाट लावल्याबद्दलची सात वर्षांची शिक्षा मात्र एकत्रित न चालवता वेगळी ठेवली, कारण ते कृत्य खुनातच सामावून टाकावे असे न्यायालयाला वाटले नाही. एकापाठोपाठ शिक्षा ही क्रूरता आहे असे सरसकट म्हणणाऱ्यांत मी नाही.

माझा आक्षेप बेरजेला नाही. विचार न करता होणाऱ्या बेरजेला आहे. विचार करून बेरीज कशी करता येते याचा नमुना २०१३ च्या हरियाणातील धनादेशांच्या प्रकरणात पाहायला मिळतो. एका कंपनी-संचालकाला न वटलेल्या धनादेशांच्या पंधरा खटल्यांत शिक्षा झाल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ते सगळे खटले समोर घेतले, कोणते धनादेश कोणत्या कर्जव्यवहारातले ते पाहून त्यांचे गट पाडले, आणि एका गटातील शिक्षा एकत्रित, पण निरनिराळ्या गटांतील शिक्षा एकापाठोपाठ, असा आदेश दिला. ना सगळी माफी, ना सगळी बेरीज. काठीच्या फटक्यांचेच ते उदाहरण, फक्त धनादेशांच्या भाषेत. पण हे काम देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने करावे लागले. ते पंधराव्या खटल्याच्या निकालाच्या दिवशी तालुक्याच्या न्यायालयात व्हायला हवे होते.

दंडाच्या प्रश्नाकडे फारसे कोणी पाहत नाही, म्हणून त्याचाही उल्लेख करतो. दंड न भरल्यास जी जादा कैद असते ती मूळ शिक्षेशी किंवा दुसऱ्या दंडाच्या कैदेशी एकत्रित चालू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातीलच एका खटल्यात स्पष्ट केले. कायद्याच्या भाषेप्रमाणे ते बरोबरच आहे, कारण ती कैद दंडाच्या बदल्यात असते. पण याचा अर्थ असा की मूळ शिक्षा एकत्रित करून मिळालेली सवलत दहा कलमांखालच्या दहा दंडांनी परत घेतली जाऊ शकते, आणि ती फक्त पैसे नसलेल्या माणसाकडून. त्याच खटल्यात न्यायालयाने दंडाबदलच्या कैदेची मुदत कमी केली, ती याच अडचणीची जाणीव ठेवून. दंड ठरवताना आरोपीची ऐपत पाहणे आणि सगळे दंड मिळून जादा कैद किती होते ते त्याच ठिकाणी लिहून ठेवणे, हे प्रत्येक न्यायालयाला सहज करता येईल.

आपल्या देशात शिक्षा ठरवण्याची मार्गदर्शक तत्त्वे नाहीत. ती असावीत अशी शिफारस फौजदारी न्यायव्यवस्थेत सुधारणा सुचवण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती मळीमठ समितीने २००३ मध्येच केली होती. तीन नवे कायदे करताना ती संधी होती, ती घेतली गेली नाही. आता कलम २५ मध्ये 'गुन्ह्यांचे गांभीर्य' एवढाच निकष आहे. एक व्यवहार की अनेक, एक पीडित की अनेक, एकूण बेरीज गुन्ह्याच्या मानाने जड होते का, यातले काहीच त्यात लिहिलेले नाही. केवळ गांभीर्य पाहा म्हटले की प्रसिद्धी मिळालेला प्रत्येक गुन्हा गंभीर वाटू लागतो आणि वीस वर्षांची वाढलेली मर्यादा हातात असते. म्हणून गांभीर्य कशात दिसले हे दोन-चार वाक्यांत लिहिण्याची शिस्त पहिल्यापासून लागली पाहिजे. 'सर्व शिक्षा एकत्रित भोगाव्यात' हे वाक्य जसे पूर्वी सवयीने येई तसे उद्या 'एकापाठोपाठ भोगाव्यात' हे सवयीने येऊ नये.

मुख्य दुरुस्ती कलम ४६७ मध्ये हवी आहे. दुसऱ्या खटल्यात शिक्षा सुनावताना आरोपी आधीची शिक्षा भोगत असेल तर न्यायालयाने दोन्ही शिक्षा कशा चालतील याचा सकारण आदेश दिलाच पाहिजे, आणि एकूण मुदतीला एका खटल्याप्रमाणेच काही वरची मर्यादा असली पाहिजे. हे संसदेचे काम आहे आणि त्याला वेळ लागेल. पण मुंबई उच्च न्यायालयाला, ज्याच्या क्रिमिनल मॅन्युअलवर, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या नियमपुस्तिकेवर, महाराष्ट्रातली न्यायालये चालतात, एका परिपत्रकाने बरेच करता येईल. शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकण्याच्या वेळी सहायक सरकारी अभियोक्त्याने आरोपीला यापूर्वी झालेल्या आणि चालू असलेल्या शिक्षांचा तक्ता दाखल करावा. ती माहिती पोलिसांच्या सीसीटीएनएस या गुन्हेनोंदींच्या संगणकीय प्रणालीत आणि न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर उपलब्ध असते, आणि न्यायालयात रोज हजर असणारा पोलिसांचा पैरवी अधिकारी ती सहज काढून देऊ शकतो. गुन्हा कबूल करणाऱ्या आरोपीला हा तक्ता वाचून दाखवल्याशिवाय कबुली नोंदवू नये. शिक्षेच्या वॉरंटाच्या नमुन्यात 'आधीच्या शिक्षेशी एकत्रित / आधीची शिक्षा संपल्यानंतर' असा रकाना असावा आणि तो कोरा असेल तर तुरुंगाने वॉरंट स्पष्टीकरणासाठी परत पाठवावे. गरीब आरोपींचा मोफत बचाव करणारे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील म्हणजे लोकअभिरक्षक तुरुंगात नियमाने जातात. एकाहून अधिक वॉरंट असलेल्या कैद्यांची यादी त्यांनी तुरुंग अधीक्षकांकडून दरमहा घेतली, तर हापूडसारखे प्रकरण दिल्लीपर्यंत जाण्याआधी जिल्ह्यातच मिटेल. पीडितांच्या बाजूनेही याचा उपयोगच आहे, कारण ज्या खटल्यात शिक्षा वेगळी चालायला हवी तेथे ती का वेगळी चालावी हे सांगण्याची संधी अभियोक्त्याला त्याच दिवशी मिळेल.

आपल्या वार्ताहरांना माझी विनंती अशी की निकालाची बातमी देताना आदेशाचा शेवटचा परिच्छेद वाचून आरोपीला प्रत्यक्षात किती वर्षे भोगावी लागतील आणि अटकेतील किती काळ वजा होईल, हे एका वाक्यात द्यावे. न्यायालयाने ते लिहिलेच नसेल तर न्यायालयाने ते लिहिलेले नाही, असेही छापावे.

आपला,
न्यायालयीन सेवेतून निवृत्त झालेला एक वाचक,
सातारा